मधुमेहावर वनस्पतीचा अर्क तपासायचाय? नव्या संशोधकांसाठी पायरीपायरीनं

तुम्ही प्रबंधासाठी एक वनस्पती निवडली आहे, ती मधुमेहावर चालते असं कुठेतरी वाचलंय किंवा एखाद्या वैद्यांकडून ऐकलंय, आणि आता प्रयोगशाळेत उभं राहिल्यावर सुरुवात कुठून करायची ते उमगत नाहीये. मीही अशीच उभी होते. माझं पहिलं वर्ष बरंचसं वाया गेलं, कारण काय करायचं ते सगळ्यांनी सांगितलं, पण फसायला कुठे होतं ते फारसं कुणी सांगितलं नाही. तेवढं तरी तुमचं वाचावं म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. अर्कानं साखर 'कमी झाली' असा आकडा मिळवणं सोपं आहे. बहुतेक पानांचा अर्क पुरेसा दाट करून एन्झाइममध्ये घातला, तर एन्झाइम मंदावतोच. अवघड आहे ते पुढचं: तो परिणाम खरा आहे, माणसाला घेता येईल एवढ्या मात्रेत होतो, आणि दुसऱ्या कुणी तोच अर्क बनवला तरी होतो, हे दाखवणं. त्यामुळे प्रत्येक पायरीवर आपणच आपल्या वनस्पतीच्या विरोधात उभं राहायचं. त्यातून जी टिकेल तिच्यावर पुढची वर्षं घालवायची.

आणि अशी टिकलेली उदाहरणं आहेत. गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपातल्या वनस्पतीत गॅलेगिन सापडलं. त्यानं साखर उतरायची, पण ते विषारी होतं. त्याच्याच रासायनिक कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये झ्याँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी मधुमेहाच्या रुग्णांवरचे त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळं केलेलं फ्लोरिझिन हे आजच्या एसजीएलटी-२ गटातल्या (लघवीवाटे साखर बाहेर घालवणाऱ्या) औषधांचं मूळ. दोन्ही वेळा मूळ द्रव्य जसंच्या तसं औषध झालं नाही. वनस्पतीनं वाट दाखवली, पुढचं काम माणसांनी केलं.

१. आधी प्रश्न नेमका करा

'अमुक वनस्पतीचा मधुमेहविरोधी परिणाम' हा प्रश्न नव्हे, हे फार तर शीर्षक झालं. साखर कमी होण्याच्या वाटा अनेक आहेत. आतड्यात पिष्ट पचवणारे अल्फा-अमायलेज आणि अल्फा-ग्लुकोसायडेज हे एन्झाइम मंदावले तर जेवणानंतरची साखर एकदम चढत नाही. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी जास्त इन्सुलिन सोडू शकतात. स्नायू आणि चरबीच्या पेशी जास्त ग्लुकोज ओढून घेऊ शकतात. यकृत कमी ग्लुकोज बनवू शकतं. मूत्रपिंडातून साखर बाहेर जाऊ शकते. तुमची वनस्पती यातल्या कुठल्या वाटेनं जात असावी?

पारंपरिक वापरातून कधी कधी सुगावा लागतो. सप्तरंगीच्या कुळातल्या सॅलेशिया रेटिक्युलाटामधून १९९७ मध्ये सॅलासिनॉल वेगळं केलं गेलं. ते अल्फा-ग्लुकोसायडेजला जोरात अडवतं, म्हणजे अशा वनस्पतीची पहिली चाचणी आतड्याच्या एन्झाइमवर करणं शहाणपणाचं. पण सुगाव्यालाच पुरावा समजू नका. मधुनाशिनीचं, म्हणजे बेडकीच्या पाल्याचं, पान चावून जिभेवर साखर ठेवून बघा. ती वाळूसारखी कचकचते, गोडवा औषधालाही उरत नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा थक्क झाले होते. पण त्यातून कळतं ते इतकंच की जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड चवीच्या ग्राहकांना अडवतात. रक्तातल्या साखरेबद्दल त्या पानानं अजून एक अक्षरही सांगितलेलं नसतं.

टाइप-१ की टाइप-२ हेही इथेच ठरवा. बीटा पेशी उरलेल्याच नसतील तर इन्सुलिन वाढवणारा अर्क काय करणार?

२. वनस्पतीची ओळख पक्की करा

ही पायरी लोक एका दिवसात उरकतात आणि नंतर सगळा प्रबंध तिच्यावर अडतो. स्थानिक नावावर कधीही विसंबू नका. 'सप्तरंगी' या एकाच नावानं सॅलेशियाही विकली जाते आणि केसिएरिया एस्क्युलेंटाही. दोन्हींची कुळं वेगळी आहेत. गुळवेलीचं उदाहरण तर जास्त गंभीर आहे: टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच्या जागी दिसायला तशीच असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा येऊ शकते, आणि या दुसरीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

म्हणून फुलं किंवा फळं असताना फांदी तोडा, दाबून वाळवा, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख करून घ्या आणि नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहात) जमा करून क्रमांक मिळवा. नुसत्या पानांवरून ओळख पुष्कळदा पटत नाही. गोळा केल्याची तारीख, ठिकाण, ऋतू आणि वनस्पतीचा भाग त्याच दिवशी वहीत लिहा. शंका उरलीच तर डीएनए बारकोडिंग करता येतं.

बाजारातली तयार भुकटी घेऊन सुरुवात करू नका. भुकटीचा हर्बेरियम नमुना होत नाही, आणि तिच्यात आणखी काय मिसळलंय ते सांगता येत नाही. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या उत्पादनांत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन ही साखरेची नेहमीची औषधं मिसळलेली सापडल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. अशी भुकटी प्रयोगात उत्तम 'काम' करेल.

आणखी एक: संपूर्ण अभ्यासाला लागणारा माल एकाच वेळी गोळा करा. पुढच्या ऋतूतली पानं म्हणजे रसायनाच्या दृष्टीनं दुसरीच पानं असू शकतात.

३. कागदपत्रं आणि साधनं

प्रयोग सुरू व्हायच्या आधी हे सगळं एका फायलीत असू द्या. 'नंतर लावू' म्हटलं की ते राहतंच.

- वनस्पती ओळखीचा दाखला आणि हर्बेरियम क्रमांक
- गोळा करण्याची परवानगी. वनक्षेत्र किंवा संरक्षित प्रजाती असेल तर ती आधी. माल दुसऱ्या देशातून येणार असेल तर २०१४ पासून लागू असलेल्या नागोया करारानुसार त्या देशाची संमती
- प्राण्यांवर काम असेल तर संस्थेच्या प्राणी नीती समितीची लेखी मान्यता
- पेशी वापरणार असाल तर त्या कुठून आणल्या याची नोंद आणि मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा जिवाणू) नसल्याचा अहवाल
- रसायनांची सुरक्षा पत्रकं, विशेषतः स्ट्रेप्टोझोटोसिनचं (बीटा पेशी मारून प्राण्यांत मधुमेह निर्माण करणारं रसायन)
- प्राण्यांची संख्या कशी ठरवली याची आकडेमोड

साधनांत ग्राइंडर, चाळणी, रोटरी इव्हॅपोरेटर (विद्रावक उडवायचं यंत्र), उणे २० अंशांचा फ्रीझर, मायक्रोप्लेट रीडर आणि ३७ अंशांचा इनक्युबेटर एवढं असलं की पहिले सहा महिने निघतात.

४. अर्क काढणं

पानं सावलीत वाळवा, भरड दळा, चाळून घ्या. परंपरेत काढा घेतात तर तुमच्या अर्कांपैकी एक तरी पाण्यातला हवाच. कितीतरी प्रबंधांत फक्त मेथेनॉलचा अर्क असतो आणि प्रस्तावनेत काढ्याचे दाखले असतात. या दोन्हींचा मेळ बसत नाही. सुरुवातीला पाणी आणि ७० टक्के इथेनॉल असे दोन अर्क पुरेसे आहेत.

इव्हॅपोरेटरचं तापमान ४० ते ५० अंशांच्या वर नेऊ नका. विद्रावक पूर्ण गेल्याची खात्री दोनदा वजन करून घ्या. काही तासांच्या अंतरानं केलेली दोन्ही वजनं सारखी आली पाहिजेत. उतारा काढून लिहून ठेवा: १०० ग्रॅम भुकटीतून १० ग्रॅम अर्क म्हणजे १० टक्के. हा आकडा पुढे सातव्या पायरीत लागणार आहे.

मग अर्काचा 'ठसा' घ्या. एचपीएलसी किंवा एचपीटीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या तंत्रानं त्याचा आलेख काढा आणि शक्य असेल तर एखाद्या ओळखीच्या घटकाचं प्रमाण मोजा. ठसा नसलेला अर्क म्हणजे फक्त तपकिरी चिकट पदार्थ. पुढच्या वेळी तोच बनला की नाही ते तुम्हालाही कळणार नाही. अर्क लहान लहान कुप्यांत विभागून, घट्ट बंद करून गोठवा, म्हणजे दर वेळी सगळा वितळवावा लागत नाही. पुष्कळ अर्क हवेतलं पाणी ओढतात, त्यामुळे उघड्या कुपीतून घेतलेलं वजन खोटं ठरतं.

५. एन्झाइमच्या चाचण्या, आणि इथले सापळे

अल्फा-ग्लुकोसायडेजची नेहमीची चाचणी अशी: ६.८ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये एन्झाइम आणि अर्क ३७ अंशांवर दहा मिनिटं एकत्र ठेवायचे, मग पीएनपीजी हे सब्स्ट्रेट घालायचं. एन्झाइम त्याचे तुकडे करतो आणि पिवळा रंग येतो. वीस मिनिटांनी सोडियम कार्बोनेटनं क्रिया थांबवून ४०५ नॅनोमीटरवर रंग मोजायचा. रंग जितका कमी, तितका एन्झाइम अडलेला. तुलनेला अकार्बोज, म्हणजे हाच एन्झाइम अडवणारं मधुमेहाचं औषध.

दिसायला सरळ आहे, पण यात चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, रंग. अर्क स्वतःच पिवळा-तपकिरी असतो आणि ४०५ वर प्रकाश शोषतो. प्रत्येक मात्रेसाठी एन्झाइम नसलेला वेगळा ब्लँक लावा. सगळ्या मात्रांना मिळून एकच ब्लँक चालत नाही.

दुसरं, टॅनिन. टॅनिन एन्झाइमला चिकटून त्याला थेट खाली बसवतात, पण त्यात औषधी गुण काहीच नसतो. मिश्रणात ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून चाचणी पुन्हा करा. पीव्हीपीपीनं टॅनिन काढून तिसऱ्यांदा करा. परिणाम नाहीसा झाला तर तो टॅनिनचा होता.

तिसरं, यीस्ट. हे मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या प्लेटवर अर्काचा आयसी-५० (एन्झाइम निम्म्यानं अडवायला लागणारी मात्रा) अकार्बोजपेक्षा कितीतरी कमी आला. म्हणजे अर्क औषधापेक्षा सरस! प्लेटचा फोटो घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी सरांनी आकडे पाहिले आणि एवढंच विचारलं, "एन्झाइम कुठला आहे?" बाटलीवर लिहिलं होतं: सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. यीस्टचा अल्फा-ग्लुकोसायडेज आणि सस्तन प्राण्यांच्या आतड्यातला, हे रचनेनं वेगवेगळ्या कुटुंबांतले एन्झाइम आहेत. अकार्बोज यीस्टच्या एन्झाइमवर अगदी दुबळं पडतं आणि आतड्याच्या एन्झाइमवर जोरदार. त्यामुळे यीस्ट वापरलं की जवळपास कुणीही अकार्बोजला हरवतं. उंदरांच्या आतड्याच्या ॲसिटोन पावडरपासून काढलेल्या एन्झाइमवर मी तीच चाचणी केली, तेव्हा माझा परिणाम बहुतेक सगळा विरून गेला. सहा आठवडे गेले. तुम्ही यीस्टनं चाळणी लावा हवं तर, पण निष्कर्ष आतड्याच्या एन्झाइमवरच काढा.

चौथं सगळ्यात छुपं आहे. आतड्याच्या एन्झाइमबरोबर माल्टोज वापरून, सुटलेलं ग्लुकोज जीओडी-पीओडी किटनं मोजतात. या किटमधला रंग हायड्रोजन पेरॉक्साइडवर अवलंबून असतो, आणि अर्कातले अँटिऑक्सिडंट तो रंग येऊच देत नाहीत. किट सांगतं ग्लुकोज कमी आहे, आणि आपण म्हणतो एन्झाइम अडला. उपाय सोपा आहे: अर्कात माहीत असलेलं ग्लुकोज मिसळा आणि किट ते पूर्ण मोजतं का ते बघा. अमायलेजच्या डीएनएस पद्धतीत (यात सुटलेली साखर रंगावरून मोजतात) याच्या उलटं होतं. अर्कातली स्वतःची साखर रंग देते आणि चांगला अर्कही निकामी दिसतो.

माझं मत विचाराल तर अर्काचा आयसी-५० मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर त्याच्या मागे फार धावू नका.

६. पेशींवरची चाचणी

एल-६ या स्नायुपेशी, ३टी३-एल१ या चरबीपेशी, इन्सुलिनसाठी आयएनएस-१. प्रश्न कुठला त्यावर पेशी ठरतात. आधी विषारीपणा तपासा, कारण मरायला टेकलेल्या पेशी काहीही आकडे देतात. एमटीटी चाचणी (यात जिवंत पेशी जांभळा रंग देतात) करताना पेशी नसलेले पण अर्क असलेले वेल ठेवा. पुष्कळ अर्क एमटीटीला स्वतःच जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. अर्क विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या आत, शक्यतो ०.१, आणि अर्क न घातलेल्या कंट्रोलमध्येही तेवढंच.

इथे स्वतःला एक प्रश्न विचारा: हा अर्क तोंडातून घेतल्यावर याच रूपात स्नायूपर्यंत पोहोचेल का? क्वेर्सेटिनसारखी द्रव्यं आतड्यात आणि यकृतात बदलून जातात. आतड्याच्या एन्झाइमच्या बाबतीत ही अडचण कमी असते, कारण अर्क तिथे थेट पोहोचतो.

७. प्राण्यांवरची चाचणी

इथपर्यंतचं काम पक्कं नसेल तर ही पायरी चढू नका. जनावराला दिलेला त्रास चुकीच्या अर्कासाठी असेल तर त्याला कुठलंही समर्थन नाही. मी पहिल्यांदा पिंजरा उघडला तेव्हा हात थरथरत होते, आणि ती जाणीव बोथट होऊ देऊ नये असं मला आजही वाटतं.

आधी तीव्र विषारीपणा: ओईसीडी ४२३ या चाचणी-नियमावलीनुसार दर टप्प्यात तीन प्राणी, ठरलेल्या मात्रा, १४ दिवस निरीक्षण. मग मधुमेहाचं मॉडेल. स्ट्रेप्टोझोटोसिन थंड सायट्रेट बफरमध्ये, ४.५ पीएचला, टोचायच्या अगदी आधी विरघळवा. ते पटकन विघटित होतं. हातमोजे आणि फ्यूम हूड सक्तीचे, कारण ते कर्करोगकारक आहे. टोचल्यावर बीटा पेशी फुटून इन्सुलिन एकदम सुटतं आणि उंदीर साखर पडून दगावू शकतात, म्हणून पहिल्या रात्री पिण्याच्या पाण्यात ग्लुकोज द्या. ७२ तासांनी साखर तपासून गट पाडा.

एक विसंगती मला प्रबंधामागून प्रबंधांत दिसते. स्ट्रेप्टोझोटोसिनची मोठी मात्रा देऊन बीटा पेशी जवळपास संपवायच्या आणि तुलनेला ग्लिबेनक्लामाइड द्यायचं. ते औषध उरलेल्या बीटा पेशींकडूनच इन्सुलिन सोडवून घेतं, पेशीच नसतील तर ते चालणार कसं? टाइप-२ तपासायचा असेल तर जास्त चरबीचा आहार आणि स्ट्रेप्टोझोटोसिनची लहान मात्रा, किंवा निकोटिनामाइडसह स्ट्रेप्टोझोटोसिन, हे मार्ग जास्त जवळचे आहेत.

गटांमध्ये निरोगी प्राणी अधिक अर्क हा गट विसरू नका. अर्क निरोगी प्राण्याचीही साखर पाडतो का, हे त्यातूनच कळतं. गट चिठ्ठ्या टाकून पाडा, आणि मोजणाऱ्याला कुठला पिंजरा कुठल्या गटाचा ते माहीत नसू द्या. रोजचं खाणं मोजा: कडू अर्कानं उंदराची भूक मेली तर साखर उपाशीपणानं उतरते, औषधानं नाही. रक्त घेण्याची सवय प्राण्यांना आधी आठवडाभर लावा, घाबरलेल्या उंदराची साखर चढते. आणि एचबीए१सीवर (लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून काढलेल्या सरासरीवर) २८ दिवसांच्या अभ्यासात फार भिस्त ठेवू नका. मोठ्या उंदराच्या (रॅटच्या) लाल पेशी साधारण ६० दिवस जगतात, म्हणजे त्यातल्या पुष्कळशा उपचार सुरू होण्याआधीच्याच असतात.

आता तो उताऱ्याचा आकडा काढा. समजा मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, किलोमागे ५०० मिलिग्रॅम दिल्यावर परिणाम दिसला. माणसासाठीची तुल्य मात्रा काढायला ६.२ नं भागतात: किलोमागे सुमारे ८१ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ५ ग्रॅम अर्क. उतारा १० टक्के असेल तर रोज सुमारे ५० ग्रॅम वाळलेली पानं. हे कोण घेईल, आणि किती वर्षं? ही आकडेमोड मात्रा ठरवण्याच्या आधी करा, नंतर नाही.

८. आकडे आणि लेखन

एकाच प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, ताज्या द्रावणांनी केलेले तीन, ते तीन. तुलना मधुमेही कंट्रोलशी करा आणि आयसी-५० त्याच्या विश्वास मर्यादेसह द्या. प्राण्यांच्या कामासाठी अराइव्हची २०२० ची नियमावली सुरुवातीलाच छापून घ्या, कारण ती विचारते त्यातल्या निम्म्या गोष्टी नंतर आठवत नाहीत. अर्क चालला नाही तर तेही लिहा. माझा यीस्टचा किस्सा आधी कुणी सविस्तर लिहिला असता तर माझे सहा आठवडे वाचले असते.

९. लोक विचारतील तेव्हा

ही पायरी कुठल्या प्रोटोकॉलमध्ये नसते, पण येतेच. माझ्या मावशीला कळलं मी काय करते, तसं तिनं विचारलं, "मग मला एक बाटली आणून दे ना, गोळ्यांचा कंटाळा आलाय." बारा वर्षांचा मधुमेह आहे तिला. मी तिला सांगितलं ते असं: माझा अर्क अजून फक्त उंदरांनी घेतलाय, त्यात जड धातू आहेत का ते तपासायचंय, आणि तुझ्या गोळीबरोबर घेतला तर साखर खूप खाली जाऊन तू चक्कर येऊन पडू शकतेस. ती म्हणाली, "बरं, पण शेजारची घेते तो काढा?" तो घेत असलीस तर डॉक्टरांना सांग, इन्सुलिन किंवा गोळी स्वतःहून बंद करू नकोस, आणि घाम, थरथर, घाबरल्यासारखं झालं की आधी साखर मोज. हे तिनं फ्रिजवर लिहून चिकटवलंय. तुम्हालाही कुणी विचारलं तर कुपी देऊ नका, हे एवढं लिहून द्या.